सही करण्यापूर्वी

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. मंडळाच्या कार्यक्रमात मी आजवर सतरंज्या अंथरल्या, हळदीकुंकवाची तबके फिरवली आणि गेली सहा वर्षे भिशीचा हिशोब लिहिला. माझे शिक्षण भोर तालुक्यातल्या एका गावी सातवीपर्यंत झाले. म्हणून चिटणीसबाई "यंदा तुम्ही बोला" म्हणाल्या, तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा हो म्हटले, त्याला कारण घडले.

श्रावणात मंगळागौरीच्या जागरणाहून परतताना आपल्यातल्या एका भगिनीने मला जिन्यात थांबवले. म्हणाली, "ताई, ह्यांनी एक जुने घर घेऊन, दुरुस्त करून विकायचे ठरवले आहे. घर माझ्या नावावर घेणार आहेत. सोमवारी सही आहे. करू ना?" तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मी एवढेच म्हटले, "बाई, सही करण्यापूर्वी कागद घेऊन एकदा माझ्या घरी ये." पण त्या रात्री मला झोप आली नाही. कारण मार्च २०२२ मध्ये मीही अशाच आनंदाने सही केली होती. त्या सहीची गोष्ट मी आज सांगणार आहे. त्यात कोणाची निंदा नाही. आमच्या ह्यांची तर नाहीच. त्यांना विचारूनच मी येथे उभी आहे.

आमचे हे कारखान्यात नोकरीला. महिना पन्नास हजार हातात येतात. त्यांच्या एका मित्राने जुना ब्लॉक घेऊन, रंगवून विकला होता आणि त्यात त्याचे चांगले सुटले होते, असे त्याने सांगितले. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात तेच. आपल्याच धनकवडीत, १९८४ साली बांधलेल्या एका इमारतीत एक घर विकाऊ होते. एक खोली, बैठकीची जागा, स्वयंपाकघर, असे ४८० चौरस फूट. किंमत २६ लाख. ह्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशोब मांडून मला दाखवला. घर २६ लाख, दुरुस्ती साडेतीन लाख, एकूण साडेएकोणतीस. दसऱ्याला ३६ लाखांना विकायचे. सुटले साडेसहा लाख! मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची सोय झाली आणि वर थोडे उरलेही.

मैत्रिणींनो, ती लग्नपत्रिका मी जपून ठेवली आहे. त्या हिशोबातली बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे. फक्त अर्धा खर्च त्यात लिहिलेला नाही.

घर माझ्या नावावर घ्यायचे, हेही त्याच वेळी ठरले. त्याला कारण होते. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात बाईच्या एकटीच्या नावावर राहते घर घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली होती. तेव्हा पुण्यात हे शुल्क सहा टक्के होते, माझ्या नावावर पाच टक्के पडणार होते. म्हणजे २६,००० रुपये वाचणार. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात मेट्रोसाठी एक टक्का अधिभार वाढणार होता. त्यामुळे मार्चअखेर दुय्यम निबंधकांच्या कचेरीत ही गर्दी! आम्ही सकाळी नऊला गेलो, नंबर लागला दुपारी साडेतीनला. मी अंगठा लावला, फोटो दिला, दाखवले तेथे सह्या केल्या. एकही कागद वाचला नाही. लग्नानंतर चोवीस वर्षांनी माझ्या नावावर घर होत होते. मला भरून आले होते. वाचायचे कोणाला सुचते?

आता पैसा कोठून आणला ते सांगते.

बँकेने १८ लाखांचे कर्ज दिले. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे, म्हणून आम्ही तेवीस लाखांची आशा धरली होती. पण मुभा म्हणजे हक्क नव्हे. बँकेचा माणूस येऊन इमारतीचे वय पाहून गेला आणि रक्कम अठरावर आली. राहिले आठ लाख. शिवाय मुद्रांक शुल्क १,३०,०००, नोंदणी फी एक टक्का म्हणजे २६,०००, दलाली २६,०००, वकील व कागदपत्रे १४,०००, बँकेची फी व गहाणखताचा खर्च १९,००० आणि गृहनिर्माण संस्थेची हस्तांतरण फी २५,०००. (ही फी सरकारच्या २००१ सालच्या आदेशाने २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही, एवढे प्रत्येकीने ध्यानात ठेवावे.) हे सगळे मिळून २,४०,००० रुपये. मुद्रांक शुल्क व नोंदणीसाठी बँक कर्ज धरत नाही, ते आपल्याच पदरचे घालावे लागतात.

ह्यांनी मुदतठेव मोडून आणि भविष्यनिर्वाह निधीतून काढून सहा लाख जमवले. तीन लाख माझ्या दागिन्यांवर काढले. साडेआठ तोळे सोने होते. तेव्हाच्या नियमाने सोन्याच्या किमतीच्या शंभरास पंच्याहत्तर रुपयांपर्यंत कर्ज मिळे. पाटल्या, गोठ, सासूबाईंनी घातलेली मोहनमाळ, सगळे पुडीत बांधून काउंटरवर ठेवले. गळ्यात काळी पोत राहिली. आणि दोन लाख माझ्या दादाने दिले. त्याचा कांदा त्या वर्षी बरा गेला होता. "ताई, पुढच्या उन्हाळ्यात पोरीचे लग्न आहे, तोवर दे," एवढेच तो म्हणाला. कागद नाही, व्याज नाही. असे अकरा लाख झाले. त्यातले घरासाठी १०,४०,००० गेले, दुरुस्तीला उरले ६०,०००.

साडेतीन लाखांची दुरुस्ती साठ हजारांत कशी होणार? ह्यांनी घाईने दुसरीकडून पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज काढले. दर सोळा टक्के. ते मला हप्ता सुरू झाल्यावर कळले. त्या दिवशी मी जेवले नाही. पुढे बँकेतल्या एका बाईंनी सांगितले की, घरदुरुस्तीसाठी बँका वेगळे कर्ज देतात, त्याचा दर गृहकर्जाच्या जवळपास असतो. गवंडीकामाचे अंदाजपत्रक जोडून ते खरेदीच्या वेळीच मागता आले असते. नऊ टक्के आणि सोळा टक्के यांत पाच लाखांवर पहिल्या वर्षी सुमारे पस्तीस हजारांचा फरक पडतो. आम्ही विचारले नाही, आणि न विचारलेले कोणी आपणहून सांगत नाही.

आता दुरुस्तीचे ऐका. एप्रिलमध्ये काम सुरू झाले. न्हाणीघराची फरशी उचलली, तर खालचे लोखंडी नळ गंजून चाळण झालेले. ते बदलून नवा कोबा घातला. न्हाणीघराचे काम झाले की त्यात पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवतात आणि खालच्या घराचे छत पाहतात. आमच्या मुकादमाने ती तपासणी टाळली आणि आम्हालाही ठाऊक नव्हते. पहिल्या पावसात खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली. ते वृद्ध जोडपे. आजी वर येऊन म्हणाल्या, "बाई, अंथरूण कोठे घालू ते तरी सांग." मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. सगळे पुन्हा उकरले. मुकादम मधेच पंधरा दिवस गावी गेला. संस्थेच्या नियमाने दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद. जूनअखेर संपणारे काम सप्टेंबरअखेर संपले.

खर्च असा झाला: न्हाणीघर, संडास व नळकाम १,१५,०००, खालच्या घराचे छत २५,०००, विजेच्या तारा बदलणे ५५,०००, फरशी ९५,०००, ओटा व स्वयंपाकघरातली कपाटे १,४०,०००, बैठकीतले खोटे छत व त्यातले दिवे ६०,०००, रंग, दारे व खिडक्या ७०,०००. एकूण ५,६०,०००. ठरले होते साडेतीन.

यांतले काय कामी आले? घर पाहायला येणाऱ्यांना मीच दार उघडून दाखवत असे, म्हणून मला ठाऊक आहे. पुरुषमंडळी खोट्या छताकडे मान वर करून पाहत, "छान आहे" म्हणत आणि विसरून जात. बायका नळ सोडून पाहत. पाणी किती वाजता येते, वाळत घालायला जागा कोठे, न्हाणीघराच्या भिंतीला ओल आहे का, गाडी कोठे लावायची, एवढेच विचारत. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, घेणारा आपला असतो, पण पैसा त्याच्या बँकेचा असतो. त्या बँकेचा माणूस येऊन चौरस फूट मोजतो, इमारतीचे वय पाहतो, आसपासचे व्यवहार पाहतो. दिव्यांच्या माळेचे तो फारसे काही धरत नाही. आम्ही दोन लाख शोभेवर घातले, त्याने घेणाऱ्याचे कर्ज काही वाढले नाही.

घर तर झाले. पण तिकडे व्याज धावत होते. आमचे गृहकर्ज बदलत्या दराचे. रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला रेपो दर म्हणतात. तो वाढला की आपलेही व्याज वाढते. मे २०२२ पूर्वी तो ४ टक्के होता. मेमध्ये ४.४० झाला, नंतर वाढत वाढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर गेला. आमचा दर सातावरून साडेनवावर गेला. पहिल्या महिन्यात अठरा लाखांचे व्याज १०,५०० होते, ते जवळपास १४,००० झाले. बँकेने हप्ता तोच ठेवून वर्षे वाढवली, म्हणून आम्हाला लवकर उमगलेही नाही. हप्त्यातला सगळा पैसा व्याजातच जाऊ लागला होता. दोन कर्जांचे हप्ते, सोन्याचे व्याज आणि त्या घराचा देखभाल खर्च जाऊन पन्नासातले पंधरा हजार हातात राहत. त्यात पाच माणसे. त्या वर्षी आमच्या घरी दिवाळीला चकल्या झाल्या, पण अनारसे झाले नाहीत. मुलगी एकदाही काही बोलली नाही. हेच मला अधिक लागले.

जानेवारी २०२३ मध्ये एक चांगला मुलगा आला. नोकरदार, अविवाहित. ३९ लाखांना सौदा ठरला, ५१,००० विसार दिला. मी देवापुढे साखर ठेवली. आठ दिवसांनी त्याच्या वकिलांचा फोन आला. त्यांनी आमचे खरेदीखत वाचले होते. जे आम्ही वाचले नव्हते ते त्यांनी वाचून दाखवले. बाईला जी एक टक्क्याची सवलत मिळाली, तिला अट होती की, घर घेतल्यापासून पंधरा वर्षे ते पुरुषाला विकता येणार नाही. विकल्यास वाचलेले शुल्क दंडासह भरावे लागेल.

पंधरा वर्षे! आणि आम्ही तर ते सहा महिन्यांत विकायला घेतले होते!

हे म्हणाले, "भरून टाकू फरक." पण दंड नेमका किती, भरल्याचा दाखला कधी मिळणार, याचा उलगडा महिनाभरात झाला नाही. त्या मुलाच्या बँकेला थांबणे मान्य नव्हते. विसार परत केला. तो बिचारा जाताना म्हणाला, "काकू, चूक तुमची नाही." पण चूक माझीही होती. सही माझी होती.

अटीमागचा हेतू चांगला होता. बाईच्या नावाने सवलत घ्यायची आणि लगेच घर पुरुषांच्या नावावर फिरवायचे, असे होऊ नये म्हणून ती घातली असावी. पण ज्याला विकण्यासाठीच घ्यायचे आहे, त्याने ती आधी पाहायला हवी होती. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात ही अट काढण्याचे जाहीर झाले आणि मे महिन्यात आदेश निघाला. सवलत राहिली, अट गेली. जूनमध्ये एक जोडपे आले, ऑगस्टमध्ये नोंदणी झाली. किंमत ३८,५०,०००. मधल्या सात महिन्यांत व्याज आणि देखभाल मिळून महिना बावीस हजारांच्या आसपास गेले. म्हणजे २६,००० वाचवण्यासाठी आम्ही दीड लाख घालवले.

मधे आणखी एक गिऱ्हाईक आले होते. "सहा लाख रोख घ्या, कागदावर बत्तीस लिहू" म्हणत होते. गरज होती, मन डळमळले. पण या वेळी मी स्वतः वकिलांकडे गेले. त्यांनी सांगितले की, १ जून २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही तेवढ्याच रकमेचा. घेणारी कोण? ज्या बाईचे नाव कागदावर, ती. मी घरी येऊन नाही म्हणून सांगितले. ह्यांनी त्या दिवशी प्रथमच माझे म्हणणे एका शब्दात मान्य केले.

आता शेवटचा हिशोब. खरेदी २६,००,०००, तिचा खर्च २,४०,०००, दुरुस्ती ५,६०,०००, मिळून ३४ लाख. सतरा महिन्यांचे व्याज: गृहकर्ज २,१८,०००, सोने ५१,०००, वैयक्तिक कर्ज ८४,०००, मिळून ३,५३,०००. वैयक्तिक कर्जाची सुरुवातीची फी आणि मुदतीआधी फेडले म्हणून आकार, २२,०००. (बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास बँक असा आकार घेऊ शकत नाही, वैयक्तिक कर्जात तसा करार असेल तर घेते.) संस्थेची देखभाल, घरपट्टी व वीज ३५,०००. एकूण ३८,१०,०००. विक्रीतून दलाली जाऊन हाती आले ३८,११,५००.

उरले पंधराशे रुपये.

मैत्रिणींनो, विनोद पाहा. ह्यांनी ३६ लाखांची आशा धरली होती, घर गेले साडेअडतीसला. भाव चुकला नव्हता. हिशोब चुकला होता.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा कर यायचा होता. घर घेतल्यापासून चोवीस महिन्यांच्या आत विकले, तर झालेला नफा त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने कर पडतो. आम्हाला वाटले, घर माझ्या नावाचे, मला उत्पन्न नाही, तेव्हा कर नाही. सल्लागारांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "पैसे कोणाचे?" पैसे नवऱ्याने घातले असतील, तर बायकोच्या नावावर झालेला नफाही नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. मग म्हणाले, "दुरुस्तीच्या पावत्या द्या." ५,६०,००० पैकी पावत्या निघाल्या ३,४०,००० च्या. सुताराला, रंगाऱ्याला, बिगाऱ्यांना हातोहात दिलेल्या दोन लाख वीस हजारांचा कागद नाही. तो खर्च धरता आला नाही. कर्जाचे व्याजही त्यांनी धरले नाही. आमच्या पदरी पंधराशे, आणि कागदावर साडेसहा लाखांचा नफा. कर भरला सुमारे ९४,०००. म्हणजे सतरा महिने धावून आम्ही साडेब्याण्णव हजार रुपये गमावले.

सोने सुटून घरी आले. पाटल्या हातात घातल्या तेव्हा सैल झाल्या होत्या. पण एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे आणि ती सांगताना मला जड जाते.

दादाच्या पोरीचे लग्न मे २०२३ मध्ये होते. आमचे घर विकलेले नव्हते. त्याचे दोन लाख आम्ही देऊ शकलो नाही. त्याने तोंडातून शब्द काढला नाही, गावातल्या एकाकडून शेकडा दोन रुपये महिन्याने रक्कम उचलली आणि मांडव घातला. मी लग्नाला गेले. वहिनीने माझी ओटी भरली, आग्रहाने वाढले. पण ती माझ्याशी डोळा देऊन बोलली नाही. मी पंगतीत बसले होते आणि घास उतरत नव्हता. ऑगस्टमध्ये पैसे आले तसे मी एस.टी.ने गावी गेले, दोन लाख आणि त्याने भरलेले व्याज त्याच्यापुढे ठेवले. व्याज त्याने घेतले नाही. मी ते भाचीच्या नावाने टपाल कचेरीत ठेवून पावती वहिनीच्या हाती दिली. तेव्हा ती रडली आणि मीही रडले. दादाच्या पैशाला व्याज नव्हते, म्हणून वरच्या हिशोबात ते कोठे दिसत नाही. पण माझ्या लेखी सगळ्यांत महाग पैसा तोच होता.

आता कोणी म्हणेल, मग असे काही करूच नये का? मी तसे म्हणत नाही. घर पाहावे बांधून, ही म्हण काही उगीच पडली नाही. जुनी घरे कोणीतरी नीट करायलाच हवीत, आणि हिशोबाने करणाऱ्याला त्यात सुटतेही. आमच्याजवळ आधीच सगळा दुरुस्तीचा पैसा असता, काम पावसाळ्यापूर्वी झाले असते आणि ती अट वाचली असती, तर आम्हालाही चार पैसे मिळाले असते. माझे म्हणणे एवढेच आहे की, कर्जाच्या पैशाने घेतलेल्या घरात प्रत्येक महिना हा मजूर असतो. तो काम करत नाही, पण रोजंदारी मात्र घेतो. विटा, सिमेंट, रंग यांचा भाव सगळे विचारतात. महिन्याचा भाव कोणी विचारत नाही.

म्हणून आपल्यापैकी कोणावर अशी सही करण्याची वेळ आली, तर तिने आधी वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात. मी सातवी शिकले, मला जमले, तुम्हाला जमेल.

पहिली, सगळ्या कर्जांचे आणि त्या रिकाम्या घराचे मिळून दर महिन्याला किती जाणार? तो आकडा ठरवल्याच्या दुप्पट महिन्यांनी गुणावा. त्यानंतर काही उरत असेल तरच पुढे जावे.

दुसरी, हे घर उद्या कोण घेऊ शकेल? सवलत मिळत असेल तर तिची अट काय? आधीचे सगळे दस्त, बोजा, संस्थेचा दाखला, इमारतीचे भोगवटा पत्र नीट आहे का? आपण विकताना पुढच्याचा वकील जे वाचणार, ते आपण घेतानाच वाचून घ्यावे.

तिसरी, प्रत्येक रुपयाची पावती. बिगाऱ्याला दिले तरी कागदावर त्याची सही आणि तारीख घ्यावी, शक्य तेथे पैसे बँकेतून द्यावेत. मी तेव्हापासून मोठा डबा केला आहे. घरातली सगळी बिले त्यात जातात.

आणि चौथी, ज्याच्याकडून हातउसने घेतले, त्याची तारीख सगळ्यांत वर लिहावी. बँकेची तारीख चुकली तर दंड होतो. भावाची तारीख चुकली तर काय होते, ते मी सांगितलेच.

आम्हां बायकांना वाटते, सही मागितली म्हणजे मान दिला. तो मान आहेच. पण सही म्हणजे जबाबदारीही आहे. नोटीस आपल्या नावाने येते, दंड आपल्याला होतो. मग नवऱ्याला "आधी मला समजावून सांगा" म्हणण्यात अविश्वास कसला? आमच्या घरी आता रविवारी सकाळी चहा झाला की हे आणि मी वही घेऊन बसतो. हे आकडे सांगतात, मी लिहिते. कधी मी सांगते, ते लिहितात. साडेब्याण्णव हजारांत ही सवय आम्ही विकत घेतली, असे हे हसत म्हणतात. महाग पडली, पण टिकाऊ निघाली.

ज्या भगिनीने मला जिन्यात विचारले होते, ती आज समोर बसली आहे. त्या सोमवारी तिने सही केली नाही. दोघे नवरा-बायको कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले. आम्ही चौघांनी भाकरीच्या पाटावर वही ठेवून महिन्याचा आकडा काढला. तिचे यजमान बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "हे मला आधी कोणी दाखवले नाही." पुढे काय करायचे ते त्या दोघांनी ठरवायचे आहे. पण आता ठरवतील ते दोघे मिळून ठरवतील.

  ज्या कोणाला असे पान लिहायचे असेल, तिने दुपारी दोननंतर केव्हाही माझ्याकडे यावे. वही माझी, चहाही माझा. पेन्सिल तेवढी आणावी, कारण पहिल्या वेळी खोडावे फार लागते.